रोज सकाळी बांधलेलं घर

केळी संघाच्या सावद्याच्या कचेरीतल्या त्या काचेच्या खोलीत संगणकाचा पंखा घरघरत होता, आणि बन्सीलालसाहेब लताबाईंच्या खुर्चीमागे उभे राहून पडद्यावरची हिरवी अक्षरं वाचत होते.

"हे घर कुणी बांधलं?"

"मी."

"कुणाला विचारून?"

लताबाईंनी विचारलं होतं. तीन अर्ज दिले होते. संगणकात प्रत्येक कारकुनाला स्वतःच्या नावाची जागा असे. तिला सगळे घर म्हणत. ते देण्याचा पासवर्ड एकट्या साहेबांकडे. रोजंदारीवरच्या बाईला घर नाही, हा त्यांचा शिरस्ता. तिनं आपलं काम कारकून धनसिंगच्या घरात ठेवायचं. गेल्या साली रोजंदारीवरच्याच बेबाबाईनं ठेवलं. कायम नेमणुकीच्या वेळी त्या कामावर नाव निघालं धनसिंगचं, आणि बेबाबाई नोकरीविना बोदवडला परत गेली.

म्हणून लताबाईंनी सगळ्यांना मोकळ्या असलेल्या तात्पुरत्या जागेत घर मांडलं. वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झालं, की ती जागा आपोआप साफ होई. पहिल्यांदा तीन आठवड्यांचं टायपिंग असं नाहीसं झालं, तेव्हा त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पर्समध्ये कामाची नक्कल ठेवलेली फ्लॉपी आणि ओठांवर पाच आज्ञा: जागा करायची, नाव द्यायचं, मी इथे राहते असं यंत्राला सांगायचं, फ्लॉपीवरचं सामान उतरवायचं, दार लावून घ्यायचं. कचेरी भरण्याआधी, रोज, कारण वीज आता रोजच जाऊ लागली होती. अकराशे बागायतदारांची यादी अशी उभी राहिली होती, आणि सोमवारी नेमणुकीची मुलाखत होती.

"आमच्या घरात काय कमी होतं, अक्का?" शेजारच्या खुर्चीतला धनसिंग हसला. "भाडं थोडंच मागू राहिलो होतो?"

"बेबाबाईकडून घेतलं ना, भाऊ. तेवढं पुरे."

धनसिंगचं हसू तिथंच विझलं.

"पुसून टाका ते," साहेबांचा आवाज चढला. "आत्ता. आणि यादी धनसिंगकडे द्या."

लताबाई उठल्या. खुर्ची त्यांनी साहेबांकडे वळवली.

"तुम्ही पुसा, साहेब. तुमच्या पासवर्डपुढे माझं काही टिकायचं नाही, ठाऊक आहे मला. पण माझ्या हातानं होणार नाही. बसा ना. काचेपलीकडून बठ्ठे बघू राहिलेत, अख्खी कचेरी."

साहेब बसले. बोटं कळांवर टेकली आणि तिथंच थांबली. पडद्यावर ओळीमागून ओळ उभी होती, आणि प्रत्येक ओळीत, फाइलच्या मालकाच्या रकान्यात, एकच नाव होतं: लताबाईंचं.

"मग सोमवारी यादी माझ्या नावानं निघेल?" लताबाईंनी विचारलं.

साहेबांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला, आणि काहीही न पुसता काचेचं दार लोटून ते निघून गेले.