प्रभावतीची मूठ आणि मी

शहरातली मुलं मला पाहून पुंगी म्हणतात. म्हणोत बापडी. मित्रांनो, मी एक जुना सरता आहे. पोकळ बांबूची नळी आणि माथ्यावर लाकडी वाटी, एवढाच माझा देह. पेरणीच्या वेळी मला बैलांनी ओढायच्या तिफणीमागे दोरीने बांधतात. मागून चालणारी बाई वाटीत बी सोडते आणि ते माझ्या पोटातून जमिनीत उतरतं. हे काम बाईचंच. पुरुषाच्या मुठीत तेवढा धीर नसतो, हे मी अनुभवाने सांगतो.

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात प्रभावती लग्न होऊन आली, त्या वर्षी तिच्या नवऱ्याने, पंजाबरावांनी, मला सुताराकडून करून घेतलं. त्यांनी तिच्यासाठी आणलेली पहिली वस्तू लुगडं नव्हे, मी होतो. याचा मला अजून गर्व आहे.

पहिल्याच पेरणीला आमची फजिती झाली. तिचे वडील लेकीला भेटायला वावरात आले. ती वळून वळून त्यांच्याकडे बघत राहिली आणि मूठ थांबली. त्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही, पण पेरलेलं लपत नाही. तूर उगवली तेव्हा तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, दहा पावलांचा खाडा! ‘बाप आला तिथं तूर नाही आली’ म्हणून गावाने तिला वर्षभर चिडवलं. सासू मात्र रागावली नाही. तिने सुनेच्या ओटीत बी घातलं आणि खाडा भरायला पाठवलं. त्यानंतर पन्नास वर्षांत प्रभावतीची मूठ चुकली नाही. तिने तीन लेकरं वाढवली, पंजाबरावांना पोचवलं, आणि दर पेरणीला मला घेऊन वावरात उभी राहिली. शेजारीही तिलाच बोलावत.

पुढे मुलगा अश्वजितने बैल विकले. पेरणीला भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला. तरी नाल्याकडचा निमुळता कोपरा ट्रॅक्टरला जमत नसे, तो आमच्याच वाट्याला राहिला. मग गेल्या उन्हाळ्यात प्रभावतीआजी अंगणात पडली. हाड मोडलं नाही, पण अश्वजितने तिचं वावर बंद केलं. त्याचंही चूक नव्हतं, आईवर जीव होता त्याचा. पण आजीचं बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं. मी आढ्याला लटकून सगळं बघत होतो. मला फार वाईट वाटे.

पेरणीच्या दिवशी सकाळी तिने मला खाली काढायला लावलं.

“पडली म्हणजे, माय?” अश्वजित म्हणाला.

“पडली तं आपल्याच वावरात पडीन. कोनाच्या दारात थोडीच पडून राह्यली? मले बसवून ठेवू नको रे बापू. बसल्या बसल्या मी सरून राह्यली.”

अश्वजित उठला आणि शेजारच्या बंजारा तांड्यावरच्या हरिसिंगची बैलजोडी मागून घेऊन आला. नात दीपमाला आजीचा एक हात धरून चालली. दुसरा हात माझ्या वाटीवर होता. मूठ एकदाही चुकली नाही. नाल्याकडच्या कोपऱ्यात तीन ओळी पेरायला दुपार झाली. घरी येऊन आजीने दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

त्या तासांतल्या तुरीच्या शेंगा तिने थंडीत मीठ घालून उकडून खाल्ल्या, गल्लीभर वाटल्या. माघ महिन्यात ती झोपेतच गेली. गावाने तिला मोठ्या मानाने पोचवलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्या बौद्ध घरातल्या श्रद्धांजलीच्या, दिवशी अश्वजितने मला धुतलं, तेल लावलं, फोटोशेजारी टांगायला खिळा ठोकला. खरं सांगतो, मी घाबरलो. तेवढ्यात दीपमालाने मला त्याच्या हातातून घेतलं.

“बाबा, हार फोटोले घाला. सरता मले लागते.”

म्हणून मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जपा, पण हातातलं काम काढून घेऊन जपू नका. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना हार घालू नका. आम्हाला मूठभर बी द्या.