तळ्यावरची मायाक्का

गळ्याखाली पिशवी लोंबावी तशी सुजून मेलेली मेंढी सोलापूरहून आलेल्या ढोरांच्या डॉक्टरानं चिरली. काळजात कोवळ्या पानांसारखे चपटे किडे निघाले. तळ्यातल्या बारक्या गोगलगाईंतून ते काठच्या गवतावर येतात, तिकडं मेंढरं नेऊ नका, असं बजावून तो टांग्यात बसून गेला.

टांगा वळायच्या आत गुंडा पोट धरून हसला. गोगलगाय मेंढरू मारते, तर उद्या उंदरानं रेडा खाल्ला म्हणतील.

बिरप्पाला हसू आलं नाही. दोघांचा कळप एकच. गुंडा पुढं चालायचा आणि मेंढरं त्याच्यामागं. त्यांत मोरी होती. आई मेलेलं ते कोकरू बिरप्पाच्या बायकोनं, मायाक्कानं, पदराखाली घेऊन वाढवलेलं. मायाक्का आखाडात गेली. मोरी तेवढी राहिली.

गुंडा मायाक्काचा धाकटा भाऊ. तो वाघाला भ्यायचा नाही, पण बहिणीच्या तोंडाला भ्यायचा.

बिरप्पानं मायाक्काची लोकर कातायची चाती तळ्याकाठच्या बाभळीला टांगली. रोज पहाटे गुपचूप जाऊन तिच्यावर थोडं सूत चढवायचा. मग तंबाखू मळता मळता गुंडाला म्हणाला, तुझी अक्का तळ्यावर सूत कातत बसती, हिरव्या गवताला मेंढरू लावशील तर बघ म्हणती.

गुंडा बाभळीपाशी गेला, चाती निरखली, कान खाजवला आणि गुमान कळप माळाकडं वळवला. बिरप्पा पटक्याचं टोक तोंडावर धरून हसला.

दिवाळी झाली. पलीकडच्या गावात तळ्यावर चरलेली मेंढरं गळे सुजून पडली. मोरी टणटणीत होती. त्या दिवशी गुंडा गंभीर तोंड करून आला.

"दाजी, अक्का भेटली मला."

"कुटं?"

"तितंच, बाभळीखाली. लई तापली हुती. म्हणली, माजं सूत केसावानी बारीक असायचं. ह्यो कोण चऱ्हाट वळाय लागलाय माज्या चातीवर?"

बिरप्पानं मान खाली घातली. म्हणजे सुतातल्या गाठी बघून गड्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तरी कळप वळवला होता.

मोरी त्याच्या धोतराला तोंड घाशीत होती. तिचा गळा चाचपत तो म्हणाला,

"आनी काय म्हणली?"

गुंडाचं हसू तोंडातच राहिलं.

"म्हणली, दाजी धड जेवत न्हाईत. त्यास्नी तुज्या घरी जेवाय घिऊन जा."

"तिचं ऐकाय पायजे," बिरप्पा म्हणाला, आणि काठी घेऊन उठला.