सगळ्या घराला एकच गोळी

मी गोळ्यांची एक जुनी पट्टी आहे, मित्रांनो. माझ्या दहा घरांत अमॉक्सिसिलिनच्या दहा गोळ्या नांदत होत्या. कारखान्यातून निघाले तेव्हा अंगावर चांदीसारखा वर्ख होता आणि मनात भलताच तोरा.

कडेगावच्या डॉक्टरांनी मला अर्जुनासाठी लिहून दिलं. त्याचा घसा पिकला होता. सकाळी एक, रात्री एक, पाच दिवस. बरं वाटलं तरी मध्येच सोडायची नाही, पुरळ उठलं तर लगेच यायचं, असं त्यांनी बजावलं. अर्जुनाने मान डोलावली आणि मला आईच्या, धोंडुबाईंच्या हाती सोपवलं.

धोंडुबाईंची उभी हयात मेंढरांमागे गेलेली. एक मेंढरू खोकलं की त्या अख्ख्या कळपाला औषध पाजायच्या. चौथ्या दिवशी अर्जुनाला उतार पडला आणि त्याने गोळ्या सोडल्या. माझ्यात चार गोळ्या उरल्या होत्या.

"घरात एकाला झालंय. समद्यांनी घ्या, म्हंजी कुनालाच हुनार न्हाई," असं म्हणून त्यांनी एक स्वतः गिळली आणि एक दहा वर्षांच्या नातीला, सृष्टीला दिली. मला तर बाई, केवढा मान वाटला!

घटकाभरात सृष्टीच्या अंगभर गांधी उठल्या. ओठ टरारून सुजले, श्वासाला घरघर लागली. मित्रांनो, मी हबकले. ज्या गोळीने बापाचा घसा बरा केला, तीच लेकीचा गळा आवळत होती. तिची आई राणी उसातून धावत आली.

"आत्ती, काय दिलंसा हिला?"

धोंडुबाईंनी मूठ उघडली. त्यांनी मला पुढं केलं.

जीपने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळाने पोरीचा श्वास सरळ झाला. मग त्यांनी मला हातात घेतलं.

"आजी, हिला काय होत होतं म्हणून दिली?"

"काय बी हुत नव्हतं. हू नये म्हनून दिली."

डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. ही गोळी काहींच्या अंगाला सोसत नाही, सृष्टीला पुन्हा कधीच द्यायची नाही, असं समजावून त्यांनी ते कार्डावर लिहून दिलं. अर्जुनाचा घसाही पुन्हा तपासला.

मित्रांनो, मला भिऊ नका. पण ज्याला लिहून दिलं त्यालाच द्या, सांगितले तितके दिवस पुरते द्या आणि पुढच्या दुखण्यासाठी डब्यात जपू नका. नुसत्या मायेवर औषध देता येत नाही. माया धोंडुबाईंकडे काय कमी होती?

त्या आता सृष्टीच्या खाटेजवळ बसल्यात. मी त्यांच्या मुठीत आहे. पोरीने जरा कूस बदलली की मूठ आवळते आणि माझा वर्ख चुरगळतो. चुरगळू दे.