आरोपी लिनक्स

“तात्या, ह्यो लिनक्स काय आमच्या कागदात नाय. विंडोज टाका, मग बोलवा,” म्हणत टेलिफोन खात्याचा लाइनमन गंगारामने पिशवी आवरायला घेतली.

हरिहरतात्यांनी तीस वर्षं रत्नागिरीच्या कोर्टात कारकुनी केली होती. पुराव्याशिवाय त्यांनी कधी घरच्या मांजरालासुद्धा दूधचोर ठरवलं नव्हतं. सिंगापूरला जाताना मुलाने, उन्मेषने, कॉम्प्युटरवर हौसेने बसवून दिलेला लिनक्स ते असा फासावर कसा देतील? रोज संध्याकाळी सात वाजता उन्मेष कॉम्प्युटरवरून बोलायचा आणि ‘बाबा, तुमची तब्येत...’ म्हणेपर्यंत आवाज तुटायचा. इंटरनेट जोडल्यापासून पंधरा दिवसांत तब्येतीच्या पुढे गाडी गेली नव्हती. एकुलत्या एका मुलाचा आवाज असा तुकड्यातुकड्याने ऐकून तात्या रडकुंडीला आले होते.

“थांब. आधी साक्ष ऐक,” तात्या म्हणाले. वहीत वळणदार अक्षरात उतरवून ठेवलेली आज्ञा त्यांनी एका बोटाने टाइप केली. फोनच्या तारेतून इंटरनेट आणणाऱ्या राउटरकडून भराभर उत्तरं आली. “बघ, लिनक्स आणि राउटर दोघं आपसात नीट बोलतायत. आमचा माणूस निर्दोष! घोळ राउटरच्या पुढे आहे, तुझ्या तारेत.”

एवढ्यात घड्याळात सात वाजले, आणि राउटरवरचा लाइनचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

“दिवसभर मेला शहाण्यासारखा होता. बरोबर सातालाच कसं याला मरण येतं?” तात्यांच्या पत्नी उमाकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

गंगारामने फोन उचलून कानाला लावला. “तात्या, ऐका. ह्याच लाइनीवर कोनतरी दुसरा फोन उचलून बसलाय.”

तात्यांनी ऐकलं. आत कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं त्यांच्या साठ वर्षांच्या ओळखीचं होतं.

अठ्ठ्याण्णव साली फोन आला, तेव्हा तात्यांनीच दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून त्याच फोनची एक वायर शेजारी धाकट्या भावाकडे, देवदत्तकडे, ओढून दिली होती. पुढच्याच वर्षी गडग्यालगतच्या हापूसच्या कलमावरून दोघांत दावा लागला. आठ वर्षं बोलणं बंद होतं. वायरीचा मात्र दोघांनाही सोयीस्कर विसर पडला. इंटरनेट येण्याआधी उन्मेषचा सातचा फोन पलीकडेही वाजायचा. लहानपणी त्याला खांद्यावर खेळवणारा काका रिसीव्हर कानाला लावून गुपचूप ऐकत असणार. आता फोन वाजत नव्हता, म्हणून रोज सातला उचलून बघत होता.

“कापू वायर? नियमाभायरचीच हाय,” गंगारामने पक्कड काढली.

“ती पक्कड ठेव आत!” तात्या खेकसले. मग रिसीव्हरमध्ये म्हणाले, “दत्ता, उन्मेष आता फोनवर येत नाही, कॉम्प्युटरवर येतो. तू उचललास की तुटतो. खाली ठेव, आणि इकडे ये.”

पलीकडे रिसीव्हर ठेवल्याचं खट्ट झालं. मिनिटभर लुकलुकून दिवा स्थिर झाला.

गडग्यापलीकडून आवाज आला, आठ वर्षांत पहिल्यांदाच. “येतो! पण कलम माझंच आहे हां!”

तात्यांनी कॉम्प्युटरसमोर दुसरी खुर्ची ओढून ठेवली आणि त्याचा आवाज वाढवला.