दुसरी बाही

"उसव."

"परत?"

"परत. तिसऱ्या टाक्यापाशी बघ. भोक पडलंय. मुंगी जाईल त्यातून."

छायाने कपाळावर सरकवलेला चष्मा नाकावर घेतला आणि सुईवरच्या गुलाबी लोकरीकडे पाहिलं. भोक होतं. मुंगीच काय, मुंगळाही गेला असता. तिने सुई काढली, धागा ओढला, आणि सकाळपासून जमवलेल्या पाच ओळी भुर्रकन सुटून मांडीवर कुरळ्या झाल्या.

खुर्शीदा खुर्चीत बसून बघत होती. तिचा उजवा हात शालीखाली होता. गणपतीच्या आधी झटका आला तेव्हापासून तो हात तिथंच असायचा. जिभेलाही जडपणा आला होता. शब्द यायचे, पण थांबत थांबत.

"चौतीस वर्षं पोरं शिकवलीस ना तू?" ती म्हणाली. "पहिलीला?"

"हो."

"आणि दोन सुलट, दोन उलट तुला येत नाय."

"भाभी, मी हे सगळं खाली फेकून देईन हं."

"फेक. सखुबाई आणून देईल."

दिवसभर सोबतीला राहणारी सखुबाई उंबऱ्यात मेथी निवडत होती. ती खाली मान घालून हसली.

छायाने पुन्हा टाके सुईवर चढवायला घेतले. 'क'चं पोट उजवीकडे काढणाऱ्या पोराला तिने महिना महिना हात धरून गिरवायला लावलं होतं, आणि एकदाही आवाज चढवला नव्हता. शिकणाऱ्याला आपण किती सहज 'पुन्हा कर' म्हणतो, हे तिला आता, अडुसष्टाव्या वर्षी कळत होतं.

पण सोडून देण्यासारखं नव्हतं. रविवारी खुर्शीदाचा मुलगा मुझफ्फर गाडी घेऊन येणार होता आणि आईला कायमचं पुण्याला नेणार होता. त्याच्या मुलीचा, झेबाचा, स्वेटर खुर्शीदाने पावसाळ्यात सुरू केला होता. पाठ झाली, पोट झालं, एक बाही झाली, आणि हात गेला. दुसरी बाही राहिली.

"दे मोडून," खुर्शीदा दवाखान्यातून आल्यावर म्हणाली होती. "सुया भंगारात घाल."

छायाने सुया भंगारात घातल्या नाहीत. एक दिवस दुपारी ती पिशवी घेऊन ओट्यावर आली आणि म्हणाली, "शिकव."

सिडकोतली ती दोन घरं एका भिंतीची. ओटा एकच. दोघींचे नवरे सातपूरच्या एकाच कारखान्यात होते, तेव्हा दोघी तिथं राहायला आल्या. सकाळची शाळा आटोपून छाया घरी यायची, जेवायची आणि वाचनालयाचं पुस्तक घेऊन ओट्यावर बसायची. पलीकडे खुर्शीदा विणत बसलेली असायची. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "मनातल्या मनात काय हसते? मला पण सांग की."

तेव्हा छायाने ते पान मोठ्याने वाचलं. त्यानंतर तीस वर्षं ती मोठ्यानेच वाचत राहिली. दर शनिवारी ती बसने शालिमारला उतरून वाचनालयात जायची, पुस्तक बदलायची, आणि येताना मेन रोडवरून लोकर आणायची. पुस्तक छायाच्या आवडीचं, लोकर खुर्शीदाच्या आवडीची. पानात खुणेला त्या वेळच्या स्वेटरचा धागा. वाचनालयातली जुनी पुस्तकं उघडली तर अजूनही कुठं कुठं निळा, मेंदी, किरमिजी धागा निघतो.

खुर्शीदाला रहस्यकथा आवडायच्या. दहा पानं झाली की विचारायची, "खून कवा होनार?" झाला की लगेच म्हणायची, "त्या मेव्हण्यानं केलाय. लई गोड बोलतो." बहुतेक वेळा मेव्हण्यानेच केलेला असायचा.

आणि तिच्या विणण्याची एक गंमत होती. गोष्ट अटीतटीला आली की तिचे टाके घट्ट व्हायचे. विनोदी असलं की सैल. छायाच्या मुलाचा, राजचा, एक हिरवा स्वेटर होता. त्याला छातीवर चार बोटं रुंद असा आवळलेला पट्टा होता. राज म्हणायचा, "आई, इथं श्वास अडकतो." दोघी एकमेकींकडे बघायच्या. त्या पट्ट्यात एक बाई विहिरीच्या काठावर रात्रभर उभी होती. उडी मारते की नाही, ते कळायला दोन दुपारी लागल्या होत्या.

मधूनमधून दोघींना दुसरीही खुळं लागायची. क्रोशाचे रुमाल झाले, मण्यांची तोरणं झाली, कापडावरची चित्रं झाली. एका वर्षी सुतळीला गाठी मारून कुंड्या टांगायची टूम निघाली. पुस्तकात बघून छाया गाठ वाचून दाखवायची आणि खुर्शीदा मारायची. वाचताना छायाची एक ओळ गळली, आणि जास्वंदीची कुंडी खुर्शीदाच्या नवऱ्याच्या, निजामभाईंच्या, नव्या स्कूटरवर पडली. निजामभाई बाहेर आले, चेपलेल्या मडगार्डवर हात फिरवला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी काय टांगणार असाल, तर मला आधी सांगा. मी सायकलनं जाईन." निजामभाई जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या भिंतीतला तो कुंडीचा खिळा अजून आहे.

"लक्ष कुठंय?" खुर्शीदा म्हणाली. "टाका सुटला."

"सुटला नाही. धरलाय."

"बरं. मी वाचू?"

हेही नवीनच होतं. जीभ मोकळी व्हायला रोज मोठ्याने वाचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. छाया मुझफ्फरला म्हणाली, उर्दू पुस्तकं आणून दे. तर खुर्शीदाने मान हलवली आणि छायाच्या हातातल्या पुस्तकाकडे बोट केलं. "ते दे."

"मराठी?"

"मग? दुकानाच्या पाट्या वाचून वाचून येतं मला. सावकाश येतं."

गल्लीतल्या प्रत्येक पोराला छायाने वाचायला शिकवलं होतं. मुझफ्फरला तिनेच 'ग' गिरवायला लावला होता. आणि तीस वर्षं शेजारी बसलेल्या बाईला तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"तू कधी बोलली नाहीस," ती म्हणाली.

"तू कधी विचारलं नाय." खुर्शीदाच्या आवाजात राग नव्हता. "टीचरपुढं अडखळत कोण वाचनार? आणि तुला वाचायला आवडायचं. मी वाचाय लागले असते, तर तू काय केलं असतं?"

"विणायला शिकले असते."

"मग मी काय केलं असतं?"

दोघी हसल्या, आणि छायाने पुस्तक तिच्या हातात दिलं.

आता खुर्शीदाच्या मांडीवर पोळपाट, पोळपाटावर पुस्तक, आणि पानं उडू नयेत म्हणून दोन्हीकडे कपड्यांचे चिमटे. डाव्या हाताचं बोट शब्दाखाली ठेवून ती वाचायची. दोन भावांची गोष्ट होती. समुद्राकाठी होड्या बांधणारे भाऊ. थोरला बारा वर्षांपूर्वी भांडून निघून गेलेला. धाकटा रोज त्याच्या वाटची हत्यारं तेल लावून ठेवतो.

"यात खून नाय का?" पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं.

"नाही."

"मग लोकं करतात काय?"

"होड्या बांधतात."

"अच्छा," ती म्हणाली होती, आणि तरी वाचत राहिली.

मंगळवारी बाहीची बॉर्डर झाली. बुधवारी छायाने फक्त दोनदा उसवलं. गुरुवारी खुर्शीदाने डाव्या हातात बाही घेऊन उन्हात धरली, उलटसुलट पाहिली, आणि 'उसव' न म्हणता परत दिली. पहिलीच्या पोराच्या पाटीवर खडूने 'छान' लिहिलं की ते पोर कसं दिसायचं, ते छायाला आठवलं. आपला चेहरा तसाच दिसत असणार, असं वाटून तिने मान खाली घातली.

"बरोबर आहे ना, बाई?" तिने विचारलं.

खुर्शीदाला हसू आलं. "बाई म्हणते मला. चल, कोपराच्या वर आलीस. उद्या अठ्ठावीस ओळी सरळ घाल, मग टाके कमी करायला लाग. मी सांगते कवा ते."

शुक्रवारी थंडी चांगलीच होती. ऊन ओट्यावर आलं आणि दोघी खुर्च्या सरकवत उन्हाबरोबर सरकत राहिल्या. खुर्शीदाने धागा बाजूला केला आणि वाचायला सुरुवात केली. वादळ झालेलं होतं. पहाटे धाकटा भाऊ किनाऱ्यावर उभा होता. लांबवर एक होडी.

"ती हो-डी... त्यानं... ओळ-ओळख-ली."

पुढचा शब्द छायाला माहीत नव्हता. तीस वर्षांत पहिल्यांदाच गोष्ट तिच्या डोळ्यांआधी तिच्या कानांवर येत होती, आणि तीही एकेक शब्द करून. मान वळवली असती तर पान दिसलं असतं. तिने वळवली नाही. कुठं अडलं तर शब्द सुचवायचा, ही आयुष्यभराची सवयही तिने ओठांत धरून ठेवली. एका जोडाक्षरापाशी खुर्शीदा चार वेळा अडली. पाचव्यांदा ते सुटलं. होडी जवळ येत होती. हात चालत होते. सुईकडे न बघता ते चालताहेत, हेही छायाच्या ध्यानात आलं नाही.

"दादा," खुर्शीदाने वाचलं, आणि थांबली. डोळे पुसायला हात उचलावा म्हणून तिने खांदा हलवला. शालीखालचा हात हलला नाही. मग डाव्या हाताने पुसले.

सखुबाई चहा घेऊन आली तेव्हा ऊन ओट्यावरून उतरलं होतं.

"किती वळी झाल्या, बाई?" तिने विचारलं.

दोघींनी बाहीकडे पाहिलं. छायाने मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"बेचाळीस."

"अठ्ठावीस सांगितल्या होत्या मी."

"तू सांगणार होतीस कधी थांबायचं ते."

"मी वाचत होते ना."

पहिल्या बाहीवर दुसरी ठेवून बघितली. चार बोटं लांब. छायाने सुई काढायला घेतली. एका रात्रीत होईल, सकाळी लवकर उठून पुरं करता येईल, असा हिशोब ती मनात करत होती.

खुर्शीदाने डावा हात त्या तुकड्यावर ठेवला. वरच्या ओळी आवळलेल्या होत्या, घट्ट, खालच्यांपेक्षा वेगळ्या. तिने बोट फिरवत फिरवत वर नेलं आणि एके जागी थांबवलं.

"इथं होडी दिसली," ती म्हणाली. बोट थोडं पुढं सरकलं. "इथं दादा म्हटला."

छायाने सुई खाली ठेवली.

"उसवू नको," खुर्शीदा म्हणाली. "पोर वाढतीय. दुमडून घालेल."

शनिवारी बाही पुरी होऊन शिवून झाली.

रविवारी मुझफ्फर सकाळीच आला. सामान थोडंच होतं. औषधांची पिशवी, दोन बॅगा, चाकाची खुर्ची. झेबाने ओट्यावरच स्वेटर चढवला आणि दोन्ही हात पुढं करून बघितले.

"छायादादी, ही बाही मोठी झाली."

"हो गं."

"का?"

"आम्ही गोष्ट वाचत होतो," छाया म्हणाली. नऊ वर्षांच्या झेबाला ते कारण पुरलं. तिने बाही मनगटावर दुमडली आणि गाडीत जाऊन बसली.

मुझफ्फरने आईला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. पट्टा लावताना त्याला तिच्या मांडीवर पुस्तक दिसलं. गुलाबी धागा पानांतून बाहेर लोंबत होता.

"अम्मी, हे बाईंच्या वाचनालयाचं आहे. राहू दे इथं."

खुर्शीदाने पुस्तक दिलं नाही. सोडलंही नाही. फक्त छायाकडे पाहिलं.

चाळीस वर्षांत छायाने एकही पुस्तक एक दिवस उशिरा दिलं नव्हतं. वर्गातल्या पोरांना ती त्याचाच दाखला द्यायची.

"राहू दे, मुझफ्फर," ती म्हणाली. "अजून पंचवीस पानं आहेत."

"तू वाचलीस?" खुर्शीदाने विचारलं.

"नाही."

"वाचू नको." मग तिने काच खाली घ्यायला लावली. "रोज दहा ओळी घालायच्या. मफलर घाल, सोपा असतो. आले की बघनार हाय मी."

"बरं."

"आणि चहा पिताना विणू नको. डाग पडतो."

गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर वळली. मागच्या काचेतून एक हात हलत होता. हलता हलता दुमडलेली बाही सुटून बोटांवर आली आणि हात दिसेनासा झाला.

पुढच्या शनिवारी छाया शालिमारला उतरली. वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीपाशी संजना बसली होती. तिने संगणकात पाहिलं, मग छायाकडे पाहिलं.

"बाई, तुमच्याकडे एक राहिलंय. असं कधी होत नाही तुमचं. हरवलं का?"

"हरवलं नाही. वाचायला दिलंय."

"मग आज दुसरं देऊ?"

"नको. ते आलं की नेईन."

"कधी येईल ते?"



"ती हळू वाचते," छाया म्हणाली.

बसला वेळ होता. खिडकीजवळच्या बाकावर ती बसली, कापडी पिशवी मांडीवर घेतली आणि सुया काढल्या. आजच्या दहातल्या चार ओळी राहिल्या होत्या.