मला न सापडलेला अंगठा

मी एक जुना अंगठ्याचा डबा आहे. कागदोपत्री मला हजेरी यंत्र म्हणतात, पण राजापूरच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात सगळे मला डबाच म्हणत. आता मी तिथल्याच लोखंडी कपाटात, एका मोडक्या छत्रीशेजारी पडून आहे. माझी वायर कापलेली आहे. तरी, मित्रांनो, एक अंगठा मला अजून सोडत नाही.

मी नवा आलो तेव्हाची माझी ऐट विचारू नका. दारापाशी भिंतीवर मला बसवलं, माझ्यापुढं नारळ फोडला. लिपिक दत्ताराम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हा डबा सगळी माहिती थेट वर पाठवतो. आता लबाडी बंद." कुणी अंगठा टेकवला की मी हिरवा दिवा लावून 'धन्यवाद' म्हणायचो. ओळख पटली नाही तर लाल दिवा आणि 'पुन्हा प्रयत्न करा'. मला एवढंच बोलता येत होतं.

त्या वर्षी आंब्याच्या कॅनिंगची यंत्रं चालवायला शिकवणारा वर्ग सुरू झाला. त्यात गुणवंती आली. ती बारा वर्षं शेडवर काजू फोडत होती. काजूच्या टरफलाचं तेल फार वाईट. त्यानं बोटं भाजतात, सालं निघतात आणि हळूहळू अंगठ्यावरच्या रेघाही जातात. तिला त्या कामातून सुटायचं होतं. परीक्षा पास झाली की कारखान्यात यंत्रावर जागा मिळणार होती. रोज ती पदराला अंगठा पुसायची, त्यावर फुंकर मारायची आणि माझ्या काचेवर ठेवायची. जवळजवळ रोज मी लाल व्हायचो.

परीक्षेच्या यादीत तिचं नाव नव्हतं. ब्याण्णव दिवसांत सात दिवस हजर, असं मी वर कळवलं होतं.

"मी पयल्या दिसापासनं येतंय," ती म्हणाली. "ह्याला माजा अंगठा गावत नाय, त्याला मी काय करू?"

"अहो, ती रोज माझ्यासमोर बसते," शिकवणाऱ्या मनिषा मॅडम म्हणाल्या.

"कागदावर नाही ना बसत, मॅडम," दत्ताराम म्हणाले. "डबा कशाला खोटं बोलेल?"

जाताना गुणवंतीनं शेवटचा एकदा अंगठा ठेवला. मी म्हणालो, 'पुन्हा प्रयत्न करा.' ती पुन्हा आली नाही.

माझे आकडे बघून वर कुणीतरी लिहिलं, 'या भागातील महिलांना प्रशिक्षणात रस नाही.' वर्ग बंद झाला. दोन वर्षांनी मनिषा मॅडमनी आपली हातानं लिहिलेली हजेरीवही माझ्या अहवालाशेजारी ठेवली. मी गैरहजर ठरवलेल्या अकरा जणी रोज वर्गात होत्या, आणि अकराही जणी काजूच्या शेडमधल्या. मॅडम ते दोन्ही कागद घेऊन साहेबांकडे खेटे घालत राहिल्या. शेवटी माझ्या जागी नवी व्यवस्था आली. आता हजेरी फोटोवर लागते, गैरहजेरीचं कारण विचारतात, शिकून गेलेलीला काम लागलं का तेही नोंदवतात. वर्ग पुन्हा सुरू झाला.

मॅडमनी गुणवंतीला निरोप धाडला. ती आली नाही. तिची बोटं आता मिटत नव्हती. तिच्याऐवजी तिची मुलगी ऋतिका आली. कपाट उघडं होतं.

"आयेचा डबा तो ह्योच काय?" तिनं विचारलं आणि माझ्या काळ्या पडलेल्या काचेवर अंगठा टेकवला.

आईच्या जागी ती शेडवर जात होती. तिच्या रेघा एका बाजूनं पुसट व्हायला लागल्या होत्या.

मित्रांनो, हजारो अंगठे मी ओळखले, त्यातला एकही मला आठवत नाही. न ओळखलेला तेवढा काचेवर राहिला आहे. तुमच्याकडे माझ्याहून हुशार यंत्रं येतील. त्यांना जरूर सांभाळा. पण यंत्र 'नाही' म्हणालं, तर समोरच्या माणसाचा हात एकदा हातात घेऊन बघा. मला ते जमलं नसतं, मला हात नव्हते. दत्तारामांना होते.