तारेखालचा पलंग

"वरती तार गुणगुणे, खाली पाळणा सुना. या घरात कोंबडीसुद्धा खुडूक बसत नाही, मग माझ्या सुनेला कशाला बोल लावता गं?"

सासूबाईंचा हा आवाज तिने भिंतीआडून ऐकला होता. शेजारणींची तोंडं तेवढ्यापुरती मिटली. पुढे सासूबाई वारल्या, आवाज राहिला, आणि त्याच्या सावलीत ती बसून राहिली.

छपरावरून मोठ्या दाबाची विजेची लाइन जायची. नवरा त्याच लाइनवर लाइनमन. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, "तारेमुळे असेलही, नसेलही. छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही." तो त्या 'असेलही'ला धरून बसला. कामावरचं तारेचा जोर मोजायचं मीटर आणून खोलीखोलीत फिरवायचा, काटा कमी हलेल तिथे खडूने चौकोन आखायचा, आणि पलंग त्या चौकोनात सरकायचा. सरकत सरकत तो आता स्वयंपाकघरात आला होता, पिठाच्या डब्यांना उसं टेकून.

"वहिनी, जपून हं," दीर म्हणायचा, "उद्या दादा तुम्हाला फ्रीजमध्ये झोपवेल."

ती हसायची. हसायला मन असावं लागत नाही.

आज दुरुस्तीसाठी लाइन बंद होती. नवरा दुपारीच घरी आला.

"उद्या हातमोजे ऑफिसात जमा करतो, नोकरी सोडतो," तो म्हणाला. "पलंग हलवून काय होणार? दिवसभर तारेला बिलगलेला मीच घरी येतो ना? धाकट्याच्या दुकानात बसेन."

सवयीने त्याने रबरी हातमोज्याचं तोंड गुंडाळून हवा आत दाबली. पाची बोटं टम्म फुगली. कुठे भोक नव्हतं. खांबावर चढला की शीळ घालणारा हा माणूस उद्यापासून गल्ल्यामागे बसणार होता. फुगलेला पंजा त्याने कानाशी धरला, हवा सुटते का ते ऐकायला.

घरात कसलीच गुणगुण नव्हती. भिंतीआडचा आवाजही आज थांबला होता.

"मला दिवस गेले होते," ती म्हणाली.

मोजा कानाशीच राहिला.

"जुन्या घरी. तिथे कुठे होती तार? वादळात तुम्ही लाइनी जोडायला गेला होतात, तेव्हा गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पुन्हा कठीण आहे. आईंना ठाऊक होतं, म्हणून तर त्या सगळं तारेवर ढकलायच्या. तारेचं मला कळत नाही हो. पण माझं तिच्यामुळे नाही. मोजे जमा करू नका."